गिटार अ‍ॅम्प्लिफायर, स्पीकर आणि टोन : नाशिकच्या वादकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गंगापूर रोड, इंदिरानगर किंवा सिडकोतील फ्लॅटमध्ये सराव करणारे विद्यार्थी, चर्चमधील उपासनेत साथ करणारे वादक आणि महाविद्यालयाच्या गॅदरिंगमध्ये पहिल्यांदाच मोठ्या सभागृहात वाजवणारे तरुण जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. बहुतेकांची सुरुवात ‘कोणते पेडल (पायाने दाबून आवाज बदलणारे उपकरण) घेऊ?’ या प्रश्नाने होते. माझा आग्रह असा आहे की पैसे खर्च करण्याआधी अ‍ॅम्पची जागा, स्पीकरची दिशा आणि मिडचा (मधल्या स्वरांचा) नॉब या तीन गोष्टी नीट तपासाव्यात, कारण टोनची बरीचशी दुखणी तिथेच सापडतात आणि तिथेच फुकटात बरी होतात.

नवीन अ‍ॅम्प आणल्यावर नॉब कुठे ठेवून सुरुवात करावी?

बेस (खालचे स्वर), मिड आणि ट्रेबल (वरचे स्वर) हे तिन्ही नॉब मधोमध ठेवावेत, रिव्हर्ब (आवाजाला घुमारा देणारा इफेक्ट) आणि इतर सर्व इफेक्ट बंद करावेत, गिटारवरचा व्हॉल्यूम पूर्ण उघडावा, गेन कमी ठेवावा आणि प्रत्यक्षात ज्या आवाजात वाजवणार आहात तितका अ‍ॅम्पचा आवाज वाढवावा. यातील शेवटची सूचना बहुतेक जण टाळतात. हळू आवाजात लावलेला टोन मोठ्या आवाजात तसाच राहत नाही, त्यामुळे रात्री अकरा वाजता कुजबुजीच्या पातळीवर लावलेल्या नॉबांवरून कार्यक्रमाचा टोन ठरवता येत नाही.

त्यानंतर हाताला पूर्ण सवय असलेली एकच ओळ वाजवत राहावी आणि एका वेळी एकच नॉब एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवावा. आवाज कुठे भरीव होतो, कुठे बोदा होतो आणि कुठे कानाला टोचू लागतो, हे या फेरीत कळते. मी मिडपासून सुरुवात करतो, मग बेस लावतो आणि ट्रेबल सर्वांत शेवटी घेतो. कान थकले की त्यांना ट्रेबल कमी वाटू लागतो आणि हात आपोआप तो नॉब वाढवतो, म्हणून अर्ध्या तासाने थांबून, बाहेर फिरून आल्यावर पुन्हा ऐकावे.

प्रसिद्ध वादकांच्या सेटिंगचे आकडे इंटरनेटवर मिळतात. ते तसेच लावले तर चालते का?

त्यांचा उपयोग सुरुवातीचा अंदाज घेण्यापुरताच होतो, कारण एका अ‍ॅम्पवरचा सहा आणि दुसऱ्यावरचा सहा यांचा परिणाम वेगळा असतो. १९६० च्या दशकातील फेंडर अ‍ॅम्पचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. त्यांतील टोनचे सर्किट स्वतः आवाजात काही भर घालत नाही. ते आलेल्या सिग्नलमधून बेस, मिड आणि ट्रेबल कमी-अधिक प्रमाणात वजा करते, आणि तिन्ही नॉब शून्यावर नेले तर आवाज जवळजवळ नाहीसा होतो. तेच तिन्ही नॉब पाचावर ठेवले तरी मधले स्वर दबलेलेच राहतात. त्या अ‍ॅम्पवर सपाट प्रतिसादाच्या जवळ जायचे असेल, तर बेस आणि ट्रेबल अगदी खाली आणून मिड पूर्ण वाढवावा लागतो. डिलक्स रिव्हर्बच्या मूळ रचनेत तर मिडचा नॉबच नाही. तो भाग एका ठरावीक रोधाने कायमचा बसवलेला आहे. व्हॉक्स एसी३० वरील ‘टोन कट’ हा नॉब वाढवला की वरचे स्वर कमी होतात, म्हणजे तो नेहमीच्या अपेक्षेच्या उलट चालतो.

शिवाय अशा जुन्या धाटणीच्या सर्किटमध्ये तिन्ही नॉब एकमेकांशी बांधलेले असतात. ट्रेबल खूप वाढवला की मिड आणि बेसच्या नॉबांचा परिणाम क्षीण होतो. म्हणून एक नॉब बदलल्यावर उरलेले दोन पुन्हा तपासावे लागतात, आणि त्यात काही चुकत नाही. त्या यंत्राची रचनाच तशी आहे.

गेन, व्हॉल्यूम आणि मास्टर असे तीन नॉब कशासाठी असतात?

गेन हा प्रीअ‍ॅम्पच्या (सिग्नल प्रथम मोठा करणाऱ्या भागाच्या) सुरुवातीच्या टप्प्यांत सिग्नल किती मोठा करायचा ते ठरवतो. सिग्नल त्या टप्प्याच्या क्षमतेबाहेर गेला की लहरींचे शेंडे छाटले जातात आणि आवाज फाटू लागतो. यालाच आपण ओव्हरड्राइव्ह किंवा डिस्टॉर्शन म्हणतो. त्या फाटलेल्या किंवा स्वच्छ आवाजातला किती भाग पॉवर अ‍ॅम्पकडे (स्पीकर चालवणाऱ्या शेवटच्या भागाकडे) जाऊ द्यायचा, हे मास्टर ठरवतो. नुसता ‘व्हॉल्यूम’ असे लिहिलेला नॉब काही अ‍ॅम्पवर गेनचे काम करतो आणि काहींवर मास्टरचे, त्यामुळे अ‍ॅम्पसोबत आलेली माहितीपुस्तिका एकदा तरी वाचावी.

गेन वाढवला की हळू आणि जोरात छेडलेल्या तारेतला फरक पुसला जातो. एकट्याने वाजवताना हे सुखावह वाटते, पण कॉर्डमधील स्वर एकमेकांत मिसळून त्यांचा गोळा होतो. आपल्याला पुरेसा वाटणारा गेन ठरवून मग तो थोडा कमी करावा, अशी माझी प्रत्येक विद्यार्थ्याला शिफारस असते.

घरी टोन उत्तम लागतो. पण बँडसोबत वाजवताना माझी गिटार ऐकूच येत नाही. असे का होते?

हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो आणि त्याचे उत्तर सविस्तर देणे आवश्यक आहे. घरी एकट्याने वाजवताना बहुतेक जण बेस आणि ट्रेबल वाढवून मिड खाली आणतात. खाली दणका आणि वर चमक असा हा आवाज पहिल्या क्षणी मोठा आणि खर्चिक वाटतो. आता गिटारच्या स्वरांचे आकडे पाहू. नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये जाड ई तारेची कंपनसंख्या सुमारे ८२ हर्ट्झ असते आणि बावीस फ्रेटच्या गिटारवरचा सर्वांत वरचा स्वर साधारण ११७५ हर्ट्झपर्यंत जातो. म्हणजे गिटारचे बहुतेक मूळ स्वर त्या मधल्या पट्ट्यात असतात, जो आपण घरी बसून स्वतःच्या हाताने कापून टाकलेला असतो.

बँडमध्ये खालचा पट्टा बेस गिटार आणि किक ड्रम व्यापतात. बेस गिटारची सर्वांत खालची तार सुमारे ४१ हर्ट्झवर कंप पावते. वरचा पट्टा झांजा आणि हाय-हॅट घेतात. आपल्या गिटारमध्ये खालचे आणि वरचेच स्वर उरलेले असतील, तर ते या वाद्यांखाली झाकले जाणारच. नाशिकमध्ये तर ढोलाची साथ घेऊन फ्यूजन वाजवण्याची हौस पुष्कळ आहे, आणि नाशिक ढोलाच्या दणक्यापुढे गिटारचा बेस वाढवून काहीही हाती लागत नाही. तिथे बेस चांगला खाली आणावा, मिड मध्याच्या पुढे न्यावा आणि गेन घरच्यापेक्षा कमी ठेवावा. हा टोन एकट्याने ऐकला तर काहीसा नाकातला आणि रुक्ष वाटेल, पण ढोल सुरू झाला की तोच खणखणीतपणे पुढे येतो.

दुसरे कारण आपल्या कानांच्या घडणीत आहे. फ्लेचर आणि मन्सन या अमेरिकी संशोधकांनी १९३३ मध्ये दाखवून दिले की आवाज हळू असताना मानवी कानाला खालचे स्वर मधल्या स्वरांच्या तुलनेत बरेच कमी ऐकू येतात, आणि अगदी वरच्या स्वरांच्या बाबतीतही काही प्रमाणात तसेच घडते. आवाज वाढत गेला की ही तफावत कमी होते. म्हणून हळू आवाजात ‘बेस कमी पडतो’ म्हणून वाढवलेला नॉब सभागृहात घुमू लागतो. वेगवेगळ्या अ‍ॅम्पची डिजिटल नक्कल करणाऱ्या मॉडेलिंग अ‍ॅम्पवर हेडफोन लावून तयार केलेल्या प्रीसेटचेही (साठवलेल्या सेटिंगचेही) असेच होते; कार्यक्रमासाठीचे प्रीसेट तालमीच्या आवाजात, बँड वाजत असतानाच पक्के करावेत.

ट्रेबल असताना प्रेझेन्स वेगळा कशासाठी?

ट्रेबल प्रीअ‍ॅम्पच्या टोन सर्किटमध्ये काम करतो. बहुतेक (काचेच्या व्हॉल्व्हवर चालणाऱ्या) ट्यूब अ‍ॅम्पमध्ये प्रेझेन्स पॉवर अ‍ॅम्पच्या निगेटिव्ह फीडबॅकवर (आउटपुटचा थोडा भाग उलटा परत देणाऱ्या जोडणीवर) काम करतो आणि ट्रेबलच्याही वरच्या स्वरांना उठाव देतो. आधी ट्रेबल लावावा, प्रेझेन्स अगदी शेवटी. पिकचा आघात स्पष्ट ऐकू येऊ लागला की तिथेच थांबावे.

अ‍ॅम्प खोलीत कुठे आणि कसा ठेवावा?

गिटारचा बारा इंची स्पीकर वरचे स्वर सगळीकडे सारखे पसरवत नाही. बॅटरीच्या झोतासारखे ते समोरच्या अरुंद पट्ट्यातच जातात. अ‍ॅम्प जमिनीवर आणि वादक दोन पावलांवर उभा असेल, तर हा झोत त्याच्या पोटऱ्यांवर पडतो. कानाला आवाज बोदा वाटतो म्हणून तो ट्रेबल वाढवतो, आणि पहिल्या रांगेत बसलेल्या श्रोत्याला तोच आवाज चिरत जातो. अ‍ॅम्प मजबूत खुर्चीवर किंवा स्टँडवर ठेवावा, नाहीतर मागे कलता करून स्पीकर कानाच्या दिशेने वळवावा. नॉब लावण्यापूर्वी एकदा स्पीकरसमोर गुडघ्यांवर बसून ऐकावे. अनेकांना आपल्या अ‍ॅम्पचा खरा ट्रेबल तेव्हाच पहिल्यांदा कळतो.

जमीन आणि भिंती खालच्या स्वरांना आधार देतात. अ‍ॅम्प भिंतीलगत सरकवला की बेस वाढतो आणि कोपऱ्यात ठेवला की आणखी वाढतो. बेसचा नॉब शून्याजवळ नेऊनही आवाज घुमत असेल, तर अ‍ॅम्प भिंतीपासून दोन-तीन फूट पुढे ओढून पाहावा. मागची बाजू उघडी असलेल्या अ‍ॅम्पमध्ये हा फरक जास्त जाणवतो, कारण त्याचा निम्मा आवाज मागच्या भिंतीवर आदळून परत येतो.

खोलीचे मापही लक्षात घ्यावे. आपल्याकडील फ्लॅटमध्ये दहा बाय बाराची, दहा फूट उंचीची खोली सर्रास आढळते. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ठरावीक कंपनसंख्यांच्या लहरी अडकून फुगतात. दहा फुटांसाठी त्या सुमारे ५७ आणि ११३ हर्ट्झवर येतात, बारा फुटांसाठी सुमारे ४७ आणि ९५ हर्ट्झवर. अशा खोलीत रुंदी आणि उंची सारखीच असल्याने ११३ हर्ट्झचा फुगवटा दुहेरी होतो, आणि मोकळी ए तार ११० हर्ट्झवर असते. ए कॉर्ड वाजवली की खोली घुमते आणि डी वाजवली की घुमत नाही, अशी तक्रार असेल, तर दोष गिटारचा नाही आणि अ‍ॅम्पचाही नाही. आपली बसण्याची जागा किंवा अ‍ॅम्प दोन फूट हलवून पाहावे. कापसाची गादी, जाड पडदे, पुस्तकांनी भरलेले कपाट यांनी वरच्या आणि मधल्या स्वरांचा प्रतिध्वनी नक्की कमी होतो, मात्र खालच्या स्वरांवर त्यांचा उपाय फारसा चालत नाही. पंचवटीतल्या जुन्या वाड्यांमध्ये, मातीच्या जाड भिंती आणि लाकडी तक्तपोशीच्या खोलीत, तोच अ‍ॅम्प गुळगुळीत फरशीच्या फ्लॅटपेक्षा कितीतरी मऊ वाजतो. ज्यांच्या घरी अशी खोली शिल्लक आहे त्यांनी ती सरावासाठी जरूर वापरावी.

शेजाऱ्यांना त्रास न होता चांगला टोन कसा मिळवावा?

ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. कमी वॅटचा ट्यूब अ‍ॅम्पही पूर्ण उघडला तर ही मर्यादा सहज ओलांडतो. मास्टर खाली ठेवून गेनने डिस्टॉर्शन घेणे हा पहिला मार्ग आहे. ज्यांना पॉवर ट्यूबचाच फाटलेला आवाज हवा आहे, त्यांनी अ‍ॅम्प आणि स्पीकर यांच्यामध्ये लावायचा अ‍ॅटेन्युएटर घ्यावा, मात्र तो अ‍ॅम्पच्या वॅट आणि ओमशी (विद्युत रोधाशी) जुळणारा हवा. हेडफोन लावायचे तर अ‍ॅम्पच्या हेडफोन जॅकमध्ये स्पीकरचा आभास देणारे सर्किट आहे का, ते पाहावे. नसेल तर डिस्टॉर्शन मधमाश्यांच्या गुणगुणीसारखे ऐकू येते. स्पीकरच्या जॅकमध्ये हेडफोन कधीही लावू नयेत. अ‍ॅम्पखाली जाड रबर किंवा फोम ठेवला की खालच्या मजल्याला पोहोचणारी थरथर बरीच कमी होते.

जास्त वॅटचा अ‍ॅम्प म्हणजे जास्त मोठा आवाज का?

वाटतो तितका नाही. वॅट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो आणि कानाला दुप्पट मोठा वाटण्यासाठी साधारण दहापट वॅट लागतात. उलट, स्पीकरची संवेदनक्षमता (ठरावीक वॅटला तो किती मोठा आवाज देतो ते) ९७ ऐवजी १०० डेसिबल असेल तर तेवढ्यानेच वॅट दुप्पट केल्याचा परिणाम मिळतो. अ‍ॅम्प लहान वाटत असेल तर स्पीकरचा हा आकडा आधी पाहावा. घरासाठी आणि लहान तालमीसाठी पंधरा वॅटचा ट्यूब अ‍ॅम्प पुरून उरतो.

स्पीकर बदलल्याने खरोखर फरक पडतो का?

पडतो, आणि पुष्कळदा त्याच पैशांत घेतलेल्या पेडलपेक्षा तो फरक मोठा असतो. गिटारचा स्पीकर संगीत ऐकण्याच्या स्पीकरसारखा तटस्थ नसतो. तो साधारण ७५ ते ५००० हर्ट्झ एवढाच पट्टा वाजवतो आणि त्याच्या वर आवाज झपाट्याने गाळून टाकतो. डिस्टॉर्शनमधला खरखरीत, टोचरा भाग त्या वरच्या पट्ट्यातच असल्यामुळे हे गाळणे आपल्या फायद्याचे ठरते. कोणता स्वर किती पुढे येतो हे प्रत्येक स्पीकरचा कागदी कोन, त्याचे चुंबक आणि कॉइल ठरवतात.

सेलेशन कंपनीचे तीन बारा इंची स्पीकर पाहिले तर हे स्पष्ट होईल. ग्रीनबॅक २५ वॅटचा आणि ९८ डेसिबल संवेदनक्षमतेचा आहे. त्याचा मध्य उबदार आणि वरचा भाग मऊ आहे, आणि जोरात वाजवल्यावर तो स्वतःही थोडा फाटतो. व्हिंटेज ३० हे नाव असले तरी तो ६० वॅट घेतो. १९८० च्या दशकात आलेला हा स्पीकर १०० डेसिबलचा असून वरच्या मध्यात उसळी घेतो, म्हणून दाट बँडमध्ये गिटार पुढे आणतो आणि आधीच टोचऱ्या असलेल्या अ‍ॅम्पमध्ये त्रासदायक होतो. व्हॉक्स एसी३० मुळे ओळखला जाणारा अल्निको ब्लू फक्त १५ वॅटचा आहे, पण तोही १०० डेसिबल देतो आणि त्याची स्वच्छ, घंटेसारखी चमक दुसरीकडे सहसा मिळत नाही. आपल्या अ‍ॅम्पमध्ये जे कमी आहे ते देणारा स्पीकर निवडावा. टोचऱ्या अ‍ॅम्पला मऊ स्पीकर शोभतो.

स्पीकरचे वॅट अ‍ॅम्पच्या वॅटपेक्षा जास्त असावेत, कारण पूर्ण फाटलेल्या आवाजात अ‍ॅम्प आपल्या छापील आकड्यापेक्षा बरीच अधिक शक्ती देतो. १५ वॅटच्या अ‍ॅम्पला २५ किंवा ३० वॅटचा स्पीकर योग्य. नवा स्पीकर सुरुवातीला थोडा ताठर वाजतो आणि काही तासांच्या वादनानंतर कोनाची कड मोकळी झाली की मऊ होतो, तेव्हा पहिल्याच दिवशी निकाल देऊ नये. कॅबिनेटही आवाज घडवते: मागून बंद असलेले कॅबिनेट बेस घट्ट आणि दिशा नेमकी देते, उघडे कॅबिनेट आवाज खोलीभर पसरवते. सहा किंवा आठ इंची स्पीकरच्या छोट्या अ‍ॅम्पला शक्य असल्यास बारा इंची कॅबिनेट जोडून पाहावे. अ‍ॅम्प तोच राहूनही आवाज एकदम प्रौढ होतो.

ओम जुळवणे म्हणजे नेमके काय?

ट्यूब अ‍ॅम्पच्या मागे ४, ८ किंवा १६ ओम असे लिहिलेले असते आणि स्पीकरचा एकूण ओम त्याच्याशी जुळावा लागतो. आठ ओमचे दोन स्पीकर समांतर जोडले तर एकूण ४ ओम होतात आणि एकामागोमाग जोडले तर १६. ट्यूब अ‍ॅम्प स्पीकर न जोडता कधीही वाजवू नये, कारण त्याने आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो आणि ही दुरुस्ती महाग पडते. ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पला लिहिलेल्या किमान ओमपेक्षा कमी ओमचा स्पीकर लावू नये. जास्त ओमचा चालतो, पण वॅट कमी मिळतात.

दोन स्पीकर जोडताना प्लस आणि मायनस उलटसुलट झाले तर एकाचा कोन पुढे येताना दुसऱ्याचा मागे जातो आणि बेस गायब होतो. अ‍ॅम्पपासून वायर सोडवून दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावावा: सेलचा प्लस स्पीकरच्या लाल टर्मिनलला लागला की कोन बाहेर उडी मारतो. दोन्ही कोन एकाच दिशेने हलले पाहिजेत.

गिटारची केबल स्पीकरला जोडली तर चालेल का?

नाही. गिटारच्या केबलमधील आतली तार बारीक आणि जाळीने वेढलेली असते. ती पॉवर अ‍ॅम्पचा विद्युतप्रवाह पेलण्यासाठी बनवलेली नसते, तापते आणि अ‍ॅम्पला धोका निर्माण करते. स्पीकरसाठी दोन जाड तारांची स्पीकर केबलच वापरावी.

होम थिएटर किंवा पीए (सभागृहातील ध्वनिक्षेपणाच्या) स्पीकरवर गिटार लावता येते का?

थेट लावल्यास डिस्टॉर्शन कर्कश वाजते, कारण गिटारच्या स्पीकरने जे गाळायचे ते येथे गाळले जात नाही. आधी स्पीकर आणि कॅबिनेटचा आभास देणारे मॉडेलर किंवा पेडल जोडावे. चर्चमध्ये पिकअप (तारांच्या कंपनांचा विद्युत सिग्नल करणारा भाग) असलेली अकॉस्टिक गिटार वाजवणाऱ्यांची गोष्ट वेगळी आहे: त्यांना पूर्ण पट्ट्याचा पीए स्पीकरच योग्य ठरतो आणि इलेक्ट्रिक गिटारच्या अ‍ॅम्पवर त्यांचा आवाज बोदा होतो.

पेडल कोणत्या क्रमाने जोडावीत?

वाह आणि ओव्हरड्राइव्ह अ‍ॅम्पच्या पुढच्या इनपुटला जोडावीत. डिस्टॉर्शन अ‍ॅम्पच्या प्रीअ‍ॅम्पमधून घेत असाल तर डिले आणि रिव्हर्ब इफेक्ट्स लूपमध्ये (प्रीअ‍ॅम्प आणि पॉवर अ‍ॅम्प यांच्यामधल्या जोडणीत) टाकावेत, म्हणजे प्रतिध्वनी स्वच्छ राहतात. स्वच्छ अ‍ॅम्प वापरत असाल तर सगळे पुढे जोडले तरी हरकत नाही. अशा वादकांनी ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पला कमी लेखू नये. १९७५ मध्ये आलेला रोलंड जेसी-१२० पूर्ण ट्रान्झिस्टरचा आहे आणि स्वच्छ आवाजासाठी आजही जगभर वापरला जातो.

गिटारच्या बाजूने काय सुधारता येईल?

जुन्या, गंजलेल्या तारांना कोणताही नॉब चमक देऊ शकत नाही. पिकअप तारांच्या फार जवळ असेल तर आवाज ठोकळेबाज होतो आणि चुंबकाच्या ओढीने स्वर डळमळतात. स्क्रू थोडा सैल करून पिकअप खाली घ्यावा. लांब केबल वरचे स्वर खाते, म्हणून घरी तीन मीटरची केबल पुरे. गिटारवरचा व्हॉल्यूम सातपर्यंत खाली आणला की तोच अ‍ॅम्प फाटलेल्यावरून जवळजवळ स्वच्छ आवाजावर येतो. हे कौशल्य आलेल्या वादकाला पेडल दाबत बसावे लागत नाही.

अ‍ॅम्पमधून सतत घूं घूं आवाज येतो. काय करावे?

आपल्याकडील वीज २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे ही गुणगुण ५० किंवा १०० हर्ट्झवर ऐकू येते. आधी गिटारची केबल काढावी. आवाज थांबला तर तो गिटार किंवा केबलमधून येत होता; तरीही राहिला तर अ‍ॅम्प तंत्रज्ञाला दाखवावा. सिंगल कॉइल पिकअप पंख्याचा रेग्युलेटर, चार्जर आणि एलईडी दिव्यांचा आवाज पकडतात, तेव्हा त्यांच्यापासून दूर सरकून गिटार वेगवेगळ्या दिशेने फिरवून पाहावी. तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी होणे हे सामान्य आहे.

अर्थिंगकडे मात्र कधीही दुर्लक्ष करू नये. गुणगुण जावी म्हणून तीन पिनांच्या प्लगची अर्थ पिन काढून टाकण्याची सवय जीवघेणी आहे. तारांना हात असताना माइकला ओठ लागून झटका बसला, तर वाजवणे तत्काळ थांबवून वायरमनला बोलवावे. गणेशोत्सवातील मंडपात, पावसाने ओल्या झालेल्या जमिनीवर, तात्पुरत्या जोडणीवर वाजवताना टेस्टर सोबत ठेवावा आणि अर्थिंगची खात्री झाल्याशिवाय गिटार जोडू नये.

नातेवाइकांनी अमेरिकेतून अ‍ॅम्प आणला आहे. तो इथे लावता येईल का?

मागच्या बाजूला व्होल्टेज निवडण्याची सोय नसेल तर तो १२० व्होल्टचा समजावा आणि पुरेशा क्षमतेच्या स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरशिवाय लावू नये. ट्यूब अ‍ॅम्प स्वतः उघडू नये. वीज बंद केल्यावरही त्यातील कपॅसिटरमध्ये प्राणघातक व्होल्टेज साठलेले राहू शकते.

पावसाळ्यात काय काळजी घ्यावी?

नाशिकचा पावसाळा कोकणाइतका ओला नसला तरी स्पीकरचा कागदी कोन आणि कॅबिनेटचे लाकूड ओल धरतात. अ‍ॅम्प प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून न ठेवता सुती कापडाने झाकावा, बाहेरच्या भिंतीला चिकटवू नये आणि आठवड्यातून एक-दोनदा वाजवावा. नॉब फिरवताना खरखर आली तर कॉन्टॅक्ट क्लीनरने ती सहसा जाते.

सभागृहात अ‍ॅम्पसमोर माइक कसा लावावा?

महाकवी कालिदास कलामंदिरासारख्या सभागृहात श्रोत्यांपर्यंत गिटार माइकमधूनच पोहोचते, त्यामुळे रंगमंचावर अ‍ॅम्प फार मोठा ठेवण्याची गरज नसते. १९६५ पासून वापरात असलेला शुअर एसएम५७ हा माइक यासाठी पुरेसा चांगला आहे. तो जाळीजवळ, कोनाच्या मधल्या घुमटासमोर धरला तर आवाज तीव्र येतो आणि कडेकडे सरकवला तसा गडद होत जातो. घुमटाची कड जिथे संपते तिथे सुरुवात करावी आणि अर्धा-अर्धा इंच सरकवत, सहकाऱ्याला वाजवायला सांगून स्वतः प्रेक्षागृहात उभे राहून ऐकावे. माइक अगदी जवळ असला की बेस फुगतो. तो अ‍ॅम्पच्या नॉबवर कमी न करता माइक दोन-चार इंच मागे घ्यावा किंवा साउंड सांभाळणाऱ्याला त्याच्या बाजूने कमी करायला सांगावे. खुल्या मैदानात भिंती नसल्यामुळे अ‍ॅम्प वादकाला पातळ वाटतो. तिथे बेस वाढवण्याआधी मॉनिटरमध्ये (वादकाकडे तोंड केलेल्या स्पीकरमध्ये) गिटार मागून घ्यावी.

सापडलेले सेटिंग लक्षात कसे ठेवावे?

नॉबांचा मोबाइलवर सरळ समोरून फोटो काढावा, आणि त्यासोबत गिटार, पिकअप, जागा आणि अ‍ॅम्प जमिनीवर होता की खुर्चीवर, एवढे लिहून ठेवावे. पुढच्या वेळी त्याच सभागृहात गेल्यावर मिड आणि बेस तिथूनच सुरू करावेत आणि ट्रेबल कानाने पुन्हा लावावा, कारण तालमीच्या वेळी रिकाम्या असलेल्या खुर्च्या प्रेक्षकांनी भरल्या की वरचे स्वर शोषले जातात.